पहिलं घरगुती सर्व्हायव्हल किट: तुमच्या डब्यात काय होतं?

खटपट्या

लेक अकरा वर्षांची आहे. परवा तिने माझ्याकडे रिकामा पत्र्याचा डबा मागितला. कशाला म्हणून विचारायच्या आत "जंगलात हरवले तर" असं सांगून मोकळी झाली. जंगलात जायचा आमचा कसलाही बेत नाही, पण डब्याला नाही म्हणायला कारणही सापडेना.

तिची यादी माझ्यासमोर आहे. जशीच्या तशी देतो: काड्यापेटी, मासे धरायचा गळ, आरसा, दोरी (कंसात "खूप"), बॅटरी, बिस्किटं, चाकू (पुढे प्रश्नचिन्ह, ते माझ्यासाठी), वही, पेन्सिल, मांजरीचा फोटो. मांजर घरचीच आहे, हरवल्यावर तिची आठवण येईल म्हणून.

तयार किटं विकत मिळतात हे माहीत आहे. ती मुद्दाम टाळतोय. तयार किट घरी येतं, एकदा उघडलं जातं, "वा" म्हटलं जातं आणि कपाटात जातं. इथे निदान चार दिवस घरात विचारविनिमय तरी चालू आहे.

तर लहानपणी असा डबा केलेल्यांनी सांगा, काय भरलं होतं? कशाचा उपयोग झाला आणि काय नुसतं मिरवायला होतं? आणि अकरा वर्षांच्या मुलीच्या हाती यातलं काय द्यावं, काय नाही? बिस्किटं आधीच संपली आहेत, त्यावर सल्ला नको.

रानभूल

मांजरीच्या फोटोला माझं मत.

माझा डबा म्हणजे कॅमेऱ्याच्या रोलची काळी डबी, करड्या झाकणाची. आताच्या मुलांना ती दाखवावी लागेल. झाकण टचकन बसायचं आणि पाणी आत जायचं नाही, एवढीशी वस्तू पण काय अक्कल होती तिच्यात. आत काड्या, सुई, दोरा, सेफ्टी पिना, मिठाची पुडी. पुडी कशासाठी तर मारलेल्या शिकारीला लावायला! शिकार कुठली आणि कसली. सेफ्टी पिना मात्र दर सहलीला संपायच्या. कुणाची पट्टी तुटे, कुणाची चेन जाई, आणि सगळ्या माझ्याकडे येत. मला वाटतं माझी सगळी लोकप्रियता त्या पिनांवर उभी होती.

पितळी बटण

खटपट्या, फोटो सोडला तर आमची यादी हीच होती. "खूप" दोरीसकट.

आमची म्हणजे माझी आणि दादाची. मी तुमच्या लेकीएवढी, तो तीन वर्षांनी मोठा. डबा आजोबांच्या तंबाखूचा, चपटा, गोल कोपऱ्यांचा, बिजागरीच्या झाकणाचा. कितीही घासला तरी वास गेला नाही. आतला कापूस, दोरा, कागद, सगळ्याला आजोबांचा वास यायचा.

खूळ शिरलं ते वाचनालयातल्या एका जाडजूड पुस्तकामुळे. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या मुलखात विमान पडलं तर वैमानिकाने पकडलं न जाता पायी निसटावं, यासाठी ब्रिटिशांनी डिसेंबर १९३९ मध्ये एमआय-९ नावाचा वेगळा विभागच काढला होता. त्यांची सुरुवातीची किटं सिगारेटच्या चपट्या डब्यात भरलेली असत, पुढे पारदर्शक प्लास्टिकचा डबा आला. आत माल्ट घातलेल्या दुधाच्या गोळ्या, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, पाण्यासाठी रबरी पिशवी, होकायंत्र, आणि झोप उडवायला बेन्झेड्रिन. नकाशे रेशमावर छापलेले, कारण कागद वाजतो आणि भिजला की त्याचा लगदा होतो. रेशमावर शाई फुटू नये म्हणून तिच्यात पेक्टिन मिसळायचे, जॅम घट्ट करायला घालतात तेच. गणवेशाच्या बटणातही होकायंत्र लपवलेलं असे. झडतीत ते उघड झाल्यावर यांनी बटणाचे आटेच उलटे करून टाकले. शोधणारा नेहमीसारखं फिरवून उघडायला गेला की बटण आणखी घट्ट बसणार! हे वाचलं आणि आम्ही दोघं संपलो. माझं इथलं नाव त्या बटणावरूनच आहे.

साहजिकच होकायंत्र पहिलं आत गेलं. शाळेच्या बक्षिसातलं, खरोखर बटणाएवढं. डबा पोलादी पत्र्याचा, त्यामुळे डब्यात असेपर्यंत ते इमानाने बिजागरीकडे बोट दाखवायचं. बाहेर काढून हात लांब केला की शहाण्यासारखं उत्तरेकडे वळायचं. आता विचार केला तर नकाशा जवळ नसताना उत्तर कळून आम्ही काय करणार होतो? घर उत्तरेला आहे की दक्षिणेला हे ते सांगत नाही. डब्यातली सगळ्यात निरुपयोगी आणि सगळ्यात लाडकी वस्तू तीच. तिला कुणी बाहेर काढायचं नावही घेतलं नाही.

बाकीच्या वस्तूंना मात्र दादाचा कायदा लागू होता: वापरून बघितल्याशिवाय आत नाही. त्याने त्यासाठी वही घातली. डावीकडे वस्तू, उजवीकडे "पास" किंवा "नापास", खाली त्याची सही. माझी सही चालत नसे. स्वभावाने तो तेव्हाही असाच होता आणि अजूनही आहे, पण हा कायदा म्हणजे त्या सगळ्या उद्योगातला खरा ऐवज होता असं मला आज वाटतं. डबा भरणं अर्ध्या तासाचं काम आहे. आमची सुट्टी गेली ती परीक्षा घेण्यात.

काड्यांचंच बघा. पुस्तकात लिहिलेलं की काड्या मेणात बुडवा, भिजणार नाहीत. आम्ही मेणबत्तीचं मेण पातळ करून काड्यांची डोकी बुडवली आणि त्या रात्रभर पाण्याच्या पेल्यात टाकल्या. सकाळी नखाने टोकाचं मेण खरवडलं, पेटीच्या बाजूवर ओढली, पेटली! दादाने "पास" लिहिलं. मग त्याच्या डोक्यात आलं की पेटी डब्यात मावत नाही, तर काडी ओढायची कशावर? दगडावर, भिंतीवर, बुटाच्या तळव्यावर, पँटच्या चेनवर, सगळीकडे घासून झालं. ढिम्म. साध्या सेफ्टी काडीच्या डोक्यात पोटॅशियम क्लोरेट असतं, पण लाल फॉस्फरस असतो तो पेटीच्या बाजूच्या पट्टीवर. दोन्ही एकमेकांना भेटल्याशिवाय ठिणगी नाही. सिनेमात बुटावर काडी ओढतात ती काडी वेगळ्या जातीची असते. मग आम्ही पेटीची पट्टी कापून घेतली, आणि ती काड्यांबरोबर न ठेवता वेगळ्या प्लास्टिकच्या पुडीत ठेवली. डबा खिशात खुळखुळत असताना काडी आणि पट्टी एकमेकांवर घासलेली कुणाला हवी आहे?

कापसाचा प्रयोग माझा. नुसत्या कापसाच्या बोळ्याला आग लावली तर भक् करून काही सेकंदांत संपतो. तोच बोळा व्हॅसलीनमध्ये नीट चोळून घेतला तर चार-पाच मिनिटं शांतपणे जळतो, कारण आता कापूस फक्त वातीचं काम करतो आणि जळतं ते व्हॅसलीन. तेवढ्यात बारीक काटक्या पेट घेतात. बोळे आम्ही डब्याच्या कोपऱ्यांत दाबून बसवले, म्हणजे आतलं काही हलत नसे. डबा हलवला तर आवाज येता कामा नये, हे दादाचं उपकलम होतं. शत्रू ऐकेल म्हणून.

डब्यातच पाणी उकळायचं हेही पुस्तकातलं. सगळं सामान बाहेर काढायचं, डबा विस्तवावर ठेवायचा. पहिल्यांदा ठेवला तेव्हा बाहेरचा रंग फुगून काळा झाला आणि असा वास सुटला की आई घरातून बाहेर आली. रंग आधीच, उघड्यावर, जाळून टाकलेला बरा. शिवाय बिजागरीला फट असते, त्या फटीखालपर्यंतच पाणी राहतं, म्हणजे जेमतेम अर्धा कप. तारेचं हँडल केलं, तरी डबा कलंडायचा. उकळलं मात्र! खळखळून उकळल्यावर एक मिनिट पुरतं, २००० मीटरपेक्षा उंचावर असाल तर तीन मिनिटं, कारण तिथे पाणी कमी तापमानालाच उकळतं. वहीत "पास" पडला, पण शेजारी माझ्या अक्षरात "ओठ भाजतात" असं आहे. ती एक नोंद त्याने मला करू दिली.

गळ, शिसं, नायलॉनचा दोरा हे सगळं होतं. मासा एकही नाही. फासे लावायची पितळी तार होती, तिचं हँडल झालं. त्याहून जास्त तिला काही करू देऊ नका, प्राण्यांना फासे लावणं बऱ्याच देशांत गुन्हा आहे.

यादीतल्या एका रबरी वस्तूबद्दल मी विचारलं तेव्हा दादाने "मोठेपणी कळेल" म्हणत पान उलटलं. पुस्तकाप्रमाणे तिच्यात लिटरभर पाणी मावतं. आमच्या डब्यात तिच्या जागी फुगा आला.

मग एके दिवशी आईने डबा बघायला मागितला. सगळं टेबलावर ओळीने मांडलं, दादाने प्रत्येक वस्तूची ओळख करून दिली. आईने ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि पाऊस आला तर?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. निम्मा डबा पोटाच्या काळजीने भरलेला. हरवलेल्या माणसांसाठी एक ढोबळ हिशेब सांगतात: हवेशिवाय तीन मिनिटं, वाईट हवामानात आडोशाशिवाय तीन तास, पाण्याशिवाय तीन दिवस, अन्नाशिवाय तीन आठवडे. आकडे काटेकोर नाहीत, पण क्रम खरा आहे. गळ शेवटच्या ओळीतला, आणि दुसऱ्या ओळीसाठी आम्ही काही घेतलंच नव्हतं. पाणी अंगातली उष्णता हवेच्या साधारण पंचवीसपट वेगाने ओढून नेतं, त्यामुळे थंडी नसतानाही भिजलेला आणि वाऱ्यात बसलेला माणूस गारठत जातो. आईने कचऱ्याची मोठी जाड प्लास्टिक पिशवी आणून दिली, आणि तिलाही वहीचा कायदा लावला. पुढच्या पावसात मी त्या पिशवीत बसले. दादा छत्री घेऊन बाहेर उभा, तोंडाने वेळ मोजतोय. वारा थांबला, पाऊस थांबला, आतून घामाने आणि श्वासाने ओल आली, पण ऊब राहिली. बसण्याखालची जमीन मात्र गार लागत होती. दुसऱ्या पिशवीत वाळका पाला भरून ती खाली घेतली तेव्हा ते थांबलं.

चकचकीत चांदीसारखी पातळ चादर मिळते ती आमच्याकडे बऱ्याच नंतर आली. प्लास्टिकवर धातूचा थर दिलेली ही चादर १९६४ मध्ये नासाच्या कामातून आली. अंगातून बाहेर पडणारी उष्णता ती परत फेकते आणि वारा अडवते, पण जमिनीत जाणारी उष्णता अडवत नाही. वाजते भयंकर. एकदा उघडली की पुन्हा त्या घडीत बसवणं कुणाच्या बापाला जमत नाही, आणि कडेला चीर गेली की सरळ फाटत सुटते. मी अजूनही जाड पिशवीच्या बाजूची आहे.

उपयोग झाला का? हरवलो कधीच नाही. सुईने काटे निघाले, चिकटपट्टीने चष्मा जोडला, मेणाच्या काड्या वीज गेल्यावर लागल्या. डबा दादाकडे आहे. मागितला तर सही घेईल.

रसायनवाला

पितळी बटण, बिजागरी दाखवणारं होकायंत्र वाचून हसतोय.

आमच्या काळच्या प्रत्येक किटच्या यादीत पोटॅशियम परमँगनेट असायचं, त्याबद्दल लिहितो. जांभळे खडे, काचेच्या छोट्या कुपीत. एका वस्तूत तीन कामं अशी जाहिरात: पाणी शुद्ध, जखम साफ, आग पेटवायला. माझ्या पहिल्या डब्यात ते होतं आणि मला त्याचा फार अभिमान होता, कारण बोटं तपकिरी व्हायची आणि ती वर्गात दाखवता यायची.

आज मी ते कुणाच्याच डब्यात ठेवणार नाही. अंदाजाने खडे टाकून पाण्यातले जंतू मरतात यावर विसंबता येत नाही, आणि दाट झालं तर तोंड आणि त्वचा दोन्ही भाजते. शिवाय ते जोरदार ऑक्सिडायझर आहे, म्हणजे जळू शकणाऱ्या वस्तूला ऑक्सिजन पुरवून भडकवणारं. ग्लिसरीन पडलं तर थोड्या वेळात आपोआप पेट घेतं. साखर आणि परमँगनेट एकाच डब्यात घेऊन फिरणारी मुलं आम्ही! मुलीच्या डब्यात अजिबात नको.

पाण्यासाठी क्लोरीनच्या गोळ्या बऱ्या. पाणी गढूळ असेल तर आधी दाट कापडातून गाळायचं, मग गोळी, मग वेष्टनावर लिहिलेला वेळ थांबायचं, बहुतेक गोळ्यांना अर्धा तास. पाणी फार थंड असेल तर जास्त. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी मात्र क्लोरीनला दाद देत नाही, तो उकळल्यावर मरतो. म्हणून अर्धा कप पाण्याचा तो कलंडणारा डबा मला हास्यास्पद वाटत नाही.

गॉजपट्टी

मी रुग्णालयात काम करते, त्यामुळे माझी नजर वेगळीकडे जाते. एवढ्या मोठ्या चर्चेत चिकटपट्टी आली ती चष्म्यासाठी!

लहान मुलं घराबाहेर असताना प्रत्यक्षात काय होतं? टाचेला फोड येतो, गुडघा फुटतो, बोट कापतं, काहीतरी चावतं. डब्यात बँड-एड, निर्जंतुक गॉजचं एक पाकीट आणि कागदी चिकटपट्टी असू द्या. दम्याचं किंवा ॲलर्जीचं नेहमीचं औषध असेल तर ते डब्यात पुरून ठेवायचं नाही, अंगावर वेगळं आणि हाताशी. एका कागदावर नाव, आईबाबांचे नंबर, ॲलर्जी आणि चालू औषधं लिहा. पेन्सिलीने लिहा, पेनची शाई भिजली की पसरते. तेव्हा तुमच्या मुलीच्या यादीतली पेन्सिल मी सगळ्यात वर ठेवेन.

औषधांना तारीख असते. बॅटरीच्या सेलचंही तसंच, साधे अल्कलाइन सेल वर्षानुवर्षं आत राहिले की गळतात, आणि तो पांढरा थर क्षारयुक्त असतो, हाताने खरवडू नये. सेल बॅटरीत न घालता बाजूला ठेवा. लिथियमचे सेल दहा वर्षांहून जास्त टिकतात. दर वाढदिवसाला डबा उघडायचा असं ठरवून टाका.

आणि बाहेर पडताना घरी चिठ्ठी: कुठे, कुणाबरोबर, परत कधी. शोधणाऱ्यांना सुरुवात कुठून करायची ते त्यावरून कळतं.

खटपट्या

बापरे. धागा काढला तेव्हा चार ओळींची उत्तरं येतील असं वाटलं होतं.

पितळी बटण, तुमचा दादाचा कायदा घरात वाचून दाखवला. परिणाम असा की वही घातली गेली आहे आणि सही करण्याचा अधिकार मला नाही. गळ नापास झाला, कारण पहिल्याच परीक्षेत तो सोफ्याला लागला. आरसा अजून प्रलंबित, आकाशात ढग आहेत.

पण दोन गोष्टींवर माझं घोडं अडलंय. चाकू आणि आग. तुम्ही दोघं एकटेच हे सगळं पेटवत होतात का? आणि तुम्ही शिट्टीबद्दल काहीच लिहिलं नाहीत.

पितळी बटण

शिट्टी राहिलीच! तीच खरं तर डब्याच्या बाहेर, गळ्यात हवी.

आधी तुमचे दोन प्रश्न. आग आम्ही एकट्याने पेटवायची नाही, अंगणात आई किंवा आजोबा हवेतच आणि शेजारी पाण्याची भरलेली बादली. आजोबा खुर्ची टाकून बसायचे आणि आमच्या पद्धतीत चुका काढायचे. अकराव्या वर्षी काडी नीट ओढता येणं, वाऱ्याकडे पाठ करणं, विझवून राख हाताला गार लागेपर्यंत पाणी ओतणं, हे शिकवावं असं माझं मत. पण काड्या तुमच्या ताब्यात ठेवा. शिकणं आणि खिशात बाळगणं वेगवेगळ्या वयांना येतं. चाकूचंही तेच. डब्यात बोथट टोकाची छोटी कात्री द्या. दोरी, चिकटपट्टी, गॉज, पिशवी, एवढंच तर कापायचं असतं. चाकू तुमच्यासमोर, लाकडावर, पातं अंगापासून लांब.

आता मुलांसाठी वेगळा डबा का हवा ते. १९८१ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पालोमार डोंगरावर नऊ वर्षांचा एक मुलगा हरवला, शोधणाऱ्यांना तो जिवंत सापडला नाही. त्या शोधात असलेल्यांनी नंतर मुलांसाठी "हग अ ट्री" नावाचा कार्यक्रम सुरू केला. हरवल्याचं कळलं की एक झाड धरायचं आणि तिथेच थांबायचं. चालत राहिलेलं मूल शोधाच्या टापूबाहेर जातं, आणि कधी कधी आधी शोधून झालेल्या भागात मागाहून जाऊन बसतं. त्या मुलांना जवळ ठेवायला काय सांगतात? शिट्टी आणि कचऱ्याची मोठी पिशवी. हे वाचलं तेव्हा मी दादाला फोन करून आईचं नाव घेतलं.

शिट्टी आत गोळी नसलेली घ्या. गोळीवाली ओली झाली, आत माती गेली की अडकते. ओरडून घसा बसतो, शिट्टीला श्वास पुरतो आणि आवाज लांब जातो. आल्प्समध्ये १८९४ पासून चालत आलेला संकेत असा: एका मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट गप्प, पुन्हा सहा. उत्तर देणारा मिनिटात तीन वेळा वाजवतो. काही देशांत संकटासाठीच तीन वेळा वाजवतात, पण मुलीला एवढंच कळलं तरी चालेल की ठराविक अंतराने वाजवायचं आणि मध्ये थांबून ऐकायचं. मधलं गप्प बसणं मुलांना सगळ्यात अवघड जातं. आम्हाला तर जातच होतं.

आरशासाठी ढग जाईपर्यंत थांबा. हात लांब करून दोन बोटांचा व्ही करायचा, ज्याला दाखवायचं तो त्या फटीत धरायचा, आणि आरशाचा कवडसा बोटांवर आणून फटीतून हलवायचा. जुनी सीडी असेल तर आणखी सोपं, मधल्या भोकातून नेम धरता येतो. ऊन चांगलं असेल तर हा झगमगाट कित्येक किलोमीटरवरून दिसतो. माणसांच्या किंवा गाड्यांच्या डोळ्यांत मात्र खेळ म्हणून मारू देऊ नका, आणि चालकाच्या तर कधीच नाही.

रानभूल

पिशवी चपट्या डब्यात मावते का पण? मी आत्ता एक घेऊन बसलोय, हवा भरून फुगते आहे नुसती.

पितळी बटण

लांबीत चार घड्या घाला, मग बंद टोकाकडून उघड्या तोंडाकडे घट्ट गुंडाळत या, हवा पुढे ढकलली जाते. तरी नाही मावली तर डब्याबाहेर गुंडाळा आणि वरून सायकलच्या ट्यूबची रुंद पट्टी चढवा. ती पट्टी झाकणाची फटही दाबते, आणि ओल्या हवेतही पेटते. धूर काळा येतो, लांबून दिसतो.

एक गोष्ट पिशवी गुंडाळायच्या आधीच करायची. तळाच्या एका कोपऱ्याजवळ चेहरा बाहेर राहील एवढं भोक पाडून ठेवा आणि कडेला चिकटपट्टी लावा, म्हणजे फाटत जाणार नाही. पिशवी डोक्यावरून उलटी घालायची, चेहरा भोकातून बाहेर. रंग भडक घ्या, नारिंगी किंवा पिवळा. काळी जंगलात दिसत नाही. आणि खटपट्या, मुलीकडून दिवाणखान्यात एकदा घालून घ्या, तुम्ही समोर असताना. तोंड आणि नाक झाकायचं नाही हे तिने तुम्हाला म्हणून दाखवलं की मगच वहीत "पास".